मुळशीचे पाणी आणि मुंबईचे दिवे

आजीच्या काळच्या दिवाळीत दिव्याचा हिशेब सोपा असे. पणती गावच्या कुंभाराची, तेल घाण्यावरचे, वात घरच्या कापसाची. अंगणात पन्नास पणत्या लावल्या तर कुणाकुणाचे देणे झाले ते घरातले पोरसुद्धा सांगू शके. आज आपण भिंतीवरचे बटण दाबतो आणि माळच्या माळ उजळते. या उजेडाचे देणे कुणाचे, असा प्रश्न मनात येत नाही. महिनाअखेर बिल येते, ते भरले की आपण मोकळे झालो असे आपल्याला वाटते.

पण काही देणी बिलात लिहिलेली नसतात. अशाच एका देण्याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी असे मनात आहे. ती पुण्याजवळच्या मावळातली आहे आणि तिला शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. ती जुनी झाली, एवढ्यावरून मिटली असे मात्र म्हणता येत नाही.

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे निघाले की थोड्याच वेळात डाव्या-उजव्या बाजूंना डोंगर दाटू लागतात आणि मग एकाएकी समोर विस्तीर्ण पाणी दिसते. हे मुळशीचे जलाशय. सुटीच्या दिवशी काठावर मोटारींची रांग लागते. कणसे भाजली जातात, फोटो निघतात, समोरच्या कैलासगडावर ढग उतरलेले पाहून मंडळी 'वा वा' म्हणतात. दृश्य देखणे आहे यात शंका नाही. परंतु या पाण्याखाली गावे आहेत. देवळे, चावड्या, खळी, पाणवठे, पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेली भातखाचरे हे सारे त्या निळ्या पाण्याच्या तळाशी गेले आहे.

मुळा आणि निळा या दोन नद्यांच्या संगमाजवळचे हे खोरे. सह्याद्रीच्या अगदी माथ्याशी असल्यामुळे इथे पाऊस कोसळतो तो कोकणासारखा. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, खाली खोऱ्यातल्या खाचरांत भात. आणि भात तरी कोणते? आंबेमोहोर. शेजारच्या घरी शिजत असला तरी आपल्या घरात घमघमाट सुटावा असा हा तांदूळ. मुळशीच्या आंबेमोहोराची कीर्ती पुण्याच्या बाजारात जुनी होती आणि अलीकडे त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या खोऱ्यातले कुणबी स्वतःला अभिमानाने मावळे म्हणवीत. शिवछत्रपतींच्या मावळ्यांचे आपण वंशज, ही भावना त्यांच्या मनात जागती होती. पुढे घडले ते समजण्यासाठी ही भावना आणि हा तांदूळ, दोन्ही लक्षात ठेवावी लागतात.

आता जरा मुंबईकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई ही गिरण्यांची नगरी झाली होती. या गिरण्या वाफेवर चालत आणि वाफेसाठी कोळसा जाळावा लागे. तो दूर बंगालहून किंवा परदेशांतून जहाजाने येई; महाग पडे आणि सगळ्या शहरावर काजळी धरी. गिरणगावातल्या चाळींच्या दोरीवर वाळत घातलेली धोतरे संध्याकाळपर्यंत काळवंडत. अशा वेळी जमशेटजी टाटांच्या मनात एक मोठी कल्पना आली. सह्याद्रीवर चार महिने धो धो पाऊस पडतो. ते पाणी माथ्यावर अडवावे, नळांतून कोकणच्या बाजूला दीड हजार फुटांहून अधिक खाली सोडावे, त्या जोरावर चक्रे फिरवून वीज करावी आणि ती तारांवरून मुंबईला न्यावी, अशी ती कल्पना. जमशेटजी १९०४ साली वारले. पण त्यांच्या वारसांनी ती तडीस नेली. १९१० साली पहिली कंपनी निघाली आणि लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. दुसरी योजना आंध्रा नदीवरची. तिचे भिवपुरीचे वीजघर १९२२ साली चालू झाले. तिसरी योजना मुळशीची. तिच्यासाठी १९१९ साली नवी कंपनी उभी राहिली. मुळशीला धरण बांधायचे आणि पाणी घाटाखाली कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, भिऱ्याच्या वीजघराकडे उतरवायचे, असा तो बेत होता.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही योजना काही दुष्ट बुद्धीने आखलेली नव्हती. परक्यांच्या राज्यात एका हिंदी उद्योगपतीने स्वदेशी भांडवलावर एवढे धाडस करावे, याचे कौतुक त्या काळच्या देशभक्तांनाही वाटे. शिवाय विजेमुळे कोळशाचा धूर कमी होणार होता. 'पांढरा कोळसा' असे या जलविजेला लोक म्हणत. मुंबईच्या छातीवरचे काळे ओझे हलके होणार, ही गोष्ट खरीच होती. ते ओझे उचलून कुणाच्या छातीवर ठेवले जाणार, एवढेच कुणी विचारले नव्हते.

मुळशी पेट्यातली सुमारे बावन्न गावे आणि अकरा हजारांच्या घरातली माणसे या पाण्याखाली येणार होती. त्यांना कुणी विचारले नाही, एवढेच नव्हे, तर आधी सांगितलेसुद्धा नाही. मोजणीची माणसे आली, शेतात चर खणू लागली, तेव्हा लोकांना कळले की काहीतरी शिजते आहे. आपल्या शेतात चर खणण्यास एका कुळाने हरकत घेतली, तेव्हा गोऱ्या इंजिनिअरने त्याच्यावर पिस्तूल रोखले, अशी हकीकत सांगितली जाते. पिस्तुलाची खरे तर गरजही नव्हती. १८९४ चा भूसंपादनाचा कायदा सरकारच्या हाती होताच. सार्वजनिक कामासाठी रयतेची जमीन घेण्याचा अधिकार त्यात होता आणि कंपनीचे काम हे सार्वजनिक काम ठरवता येत होते. जमिनीची किंमत पैशात द्यायची की कायदा संतुष्ट झाला. बापजाद्यांचे शेत, गावकीचा देव, आंबेमोहोराचा वास यांना कायद्याच्या रकान्यात जागा नव्हती.

गावोगाव बैठका होऊ लागल्या. पुण्याची काही कार्यकर्ती मंडळी मदतीला धावली. त्यांत विनायकराव भुस्कुटे होते आणि पांडुरंग महादेव बापट होते. बापटांचे चरित्र म्हणजे एक कादंबरीच आहे. १८८० साली पारनेरला जन्म. शिष्यवृत्ती मिळवून इंजिनिअरीच्या अभ्यासासाठी एडिंबरोला गेले. तिथे क्रांतिकारकांच्या नादी लागून पॅरिसला बाँबची विद्या शिकून आले. परत आल्यावर मात्र हा माणूस हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडू लागला. जो स्वतः इंजिनिअर व्हायचा तोच एका प्रचंड बांधकामाच्या आड उभा राहिला, ही नियतीची गंमत म्हणावी लागेल. पण बापटांचे म्हणणे सरळ होते. बांधकाम किती मोठे आहे यापेक्षा ते कुणाच्या जमिनीवर उभे राहते, हे आधी पाहा.

'जान किंवा जमीन' अशी प्रतिज्ञा मावळ्यांनी घेतली. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी सुमारे बाराशे माणसे धरणाच्या कामावर चालून गेली. हाती शस्त्र नव्हते. ती जाऊन कामाच्या जागेवर बसली. मजुरांनी फावडी खाली ठेवली. काम थांबले! वैशाखाच्या तोंडावरचे ऊन, उघडा माळ, आणि त्यात बायकापोरांसह बसलेले हे कुणबी. असहकाराचे वारे देशभर वाहत होते. परंतु स्वतःच्या शेतासाठी खेड्यातल्या रयतेने धरणाच्या कामावर असे ठाण मांडावे, हा प्रकार या देशाला नवा होता. महिनाभराच्या आत तडजोडीची भाषा सुरू झाली आणि सहा महिने काम बंद ठेवण्याचे ठरले.

गांधीजींनी त्याच एप्रिलमध्ये 'यंग इंडिया'त या प्रश्नावर लिहिले. सत्याग्रहींविषयी त्यांनी सहानुभूती दाखवली आणि टाटांनाही कळकळीची विनंती केली. गरिबाची जमीन त्याच्या मनाविरुद्ध घेऊन देशाचा जो लाभ होणार त्याचे मोल ते काय, असा त्यांचा सवाल होता. शंभर वर्षांत या सवालाचे उत्तर देण्याचा प्रयत्न पुष्कळांनी केला. पण त्याहून बिनतोड असा सवाल कुणी केला नाही.

मुदत संपली आणि डिसेंबर १९२१ मध्ये झगडा पुन्हा पेटला. या वेळी सरकार तयारीत होते. धरपकड सुरू झाली. बापट तुरुंगात, भुस्कुटे तुरुंगात, मावळ्यांच्या तुकड्यांमागून तुकड्या तुरुंगात. बायकाही मागे राहिल्या नाहीत. पण हळूहळू फळी खिळखिळी होऊ लागली. तिची कारणे पाहिली म्हणजे मन खिन्न होते, कारण ती सगळीच सरकारने निर्माण केलेली नव्हती.

पहिले कारण सावकार. मुळशीच्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्या नावावर चढलेल्या होत्या. कुळाला जमीन म्हणजे जीव. सावकाराला ती केवळ मालमत्ता. मोबदल्याचा आकडा पुरेसा मोठा झाला की सावकाराची हरकत संपली. त्यामुळे झाले असे की, जमीन राखावी म्हणून जो तुरुंगात गेला त्याच्या शेताचा सौदा, ते शेत कधीही न नांगरलेल्या माणसाने पुण्याच्या वाड्यात बसून पुरा केला. दुसरे कारण मतभेद. पुण्याच्या सुशिक्षित मंडळींतच दोन तट पडले. स्वदेशी उद्योगाला विरोध करावा का, असे काहींना वाटे. जमिनीचा आग्रह सोडून मोबदला वाढवून घ्यावा, असे काही म्हणत. तिसरे कारण काळ. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौऱ्याचा प्रकार घडला, गांधीजींनी असहकाराची चळवळ मागे घेतली आणि सगळ्या देशाचाच उत्साह ओसरला. एक एक घर मोबदला घेऊन उठू लागले. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्याच्या दाराशी पाणी चढत येते त्याला धीराचे धडे काठावरून देऊ नयेत.

बापट मात्र मागे हटले नाहीत. तुरुंगातून सुटल्यावर, ९ डिसेंबर १९२४ रोजी, त्यांनी आपल्या मोजक्या सहकाऱ्यांसह धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी रुळांवर धोंडे रचून अडवली. या वेळी हाती शस्त्रे होती. निःशस्त्र सत्याग्रहाची मर्यादा त्यांनी ओलांडली होती आणि हे गांधीजींच्या मार्गात बसणारे नव्हते. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते सुटले तेव्हा १९३१ साल उजाडले होते. तोवर धरण पुरे झाले होते, १९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले होते आणि मुळशीची खाचरे पाण्याखाली जाऊन कैक पावसाळे उलटले होते. लोकांनी त्यांना दिलेली 'सेनापती' ही पदवी तेवढी याच हरलेल्या लढाईतून उरली.

इतिहासात हरलेल्या लढाया पुष्कळ असतात. मग मुळशीची आठवण काढायची कशासाठी? राजेंद्र व्होरा या अभ्यासकांनी मुळशीच्या सत्याग्रहावर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या इंग्रजी अवतारात धरणाविरुद्धची ही जगातली पहिली चळवळ असल्याचे म्हटले. त्याआधी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील हेच हेची नावाच्या दरीवर धरण बांधण्यावरून मोठा वाद झाला होता. सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी हवे होते आणि जॉन म्युर या निसर्गप्रेमी लेखकाने त्या दरीसाठी जिवाचे रान केले. १९१३ साली अमेरिकन काँग्रेसने धरणाला मंजुरी दिली आणि पुढल्या वर्षी म्युर वारले. परंतु या दोन वादांत एक मोठा फरक आहे. हेच हेचीचे रक्षक दरीच्या सौंदर्यासाठी भांडत होते. त्यांच्यापैकी कुणाचे पोट त्या दरीवर चालत नव्हते. मुळशीचे मावळे आपल्या भातासाठी भांडत होते. त्यांना 'पर्यावरण' हा शब्द ठाऊक नव्हता. पण माती, पाणी, बियाणे आणि माणूस ही एकाच दाव्याला बांधलेली आहेत, त्यांतले एक ओढले की बाकीची ओढली जातात, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते. निसर्गाचे रक्षण ही पोट भरलेल्यांची हौस आहे असे जे म्हणतात, त्यांनी मुळशीकडे पाहावे.

दुसरी एक गोष्ट पाण्याची. मुळा नदी स्वभावाने पूर्ववाहिनी. ती पुण्याजवळ मुठेला मिळते, पुढे भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा जाऊन मिळते बंगालच्या उपसागराला. वाटेत सोलापुरासारखा पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणारा मुलूख आहे. मुळशीला नदी अडवली आणि तिच्या पाण्याचा मोठा भाग पश्चिमेला घाटाखाली सोडला. भिऱ्याला वीज करून ते कुंडलिकेत उतरते आणि रोह्यावरून रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळते. म्हणजे सह्याद्रीने जे पाणी पूर्वेला दिले होते ते माणसाने पश्चिमेला वळवले. कुंडलिकेच्या काठाला त्याचा लाभ झाला हेही खरे. पण भीमेच्या खोऱ्यातले दुष्काळी शेतकरी आज हे पाणी परत पूर्वेकडे सोडा म्हणतात, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या त्या निर्णयात आपलाही बळी गेला होता, हे त्यांना उमगलेले असते. निसर्गात केलेल्या मोठ्या बदलाचे देणेकरी कोण, हे बदलाच्या दिवशी कधीच पुरते कळत नाही. ते नातवंडांच्या काळात कळते.

स्वराज्य आले. मुळशीच्या पाठोपाठ कोयना आली. १९६० च्या दशकात तिथल्या विजेने महाराष्ट्र उजळला आणि गावेच्या गावे उठून ठाणे, कुलाबा, रत्नागिरीकडे पांगली. नवे शतक उजाडले तरी कोयनेच्या धरणग्रस्तांना आपल्या हक्कासाठी रस्त्यावर बसावे लागले. सरकार आपले, धरण आपले, वीजही आपली. तरी उठणारा माणूस तोच राहिला, डोंगरातला आणि गरीब. हे नुसत्या इंग्रजी राज्याचे पाप नव्हते, हा धडा स्वराज्याने आपल्याला दिला. मग हळूहळू कायदे बदलले. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. आणि १८९४ चा तो भूसंपादनाचा कायदा जाऊन त्याच्या जागी नवा केंद्रीय कायदा यायला २०१३ साल उजाडावे लागले. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती हवी, असे तत्त्व त्याने मान्य केले. मुळशीच्या माळावर मावळे बसले त्याला तेव्हा ९२ वर्षे झाली होती. आम्हाला विचारा, एवढेच त्यांचे मागणे होते. ते कायद्यात उतरायला माणसाचे एक आयुष्य पुरले नाही. म्हणून हरलेल्या लढाईचीही नोंद ठेवायची.

आज पृथ्वीच्या तापण्याची चर्चा घरोघर होते. अवकाळी पाऊस, लांबलेला उन्हाळा, दरड कोसळल्याच्या बातम्या यांची आपल्याला सवय झाली आहे. कोळसा आणि तेल जाळणे कमी केले पाहिजे, स्वच्छ वीज निर्माण केली पाहिजे, असे शहाणी माणसे सांगतात आणि ते खरे आहे. पण मुळशीची हकीकत ज्याने ऐकली तो आणखी एक प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईची काजळी कमी करणारी ती वीजही स्वच्छच होती ना? मग उद्या सूर्याच्या विजेसाठी माळरान घेतले, वाऱ्याच्या चक्क्यांसाठी पठार घेतले, तर त्या माळावर शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्या धनगराला कुणी विचारणार आहे की नाही? तारेतून येणारी वीज स्वच्छ असावीच. ती येते कशी, तो मार्गही स्वच्छ असावा. एका गावाचा धूर घालवताना दुसऱ्या गावाच्या डोळ्यांत पाणी येत असेल तर पृथ्वीचे रक्षण झाले असे म्हणता येणार नाही. जागा बदलली, इतकेच.

आणि हे काम सरकारवर सोपवून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. मुळशीची जमीन इंग्रजांच्या कायद्याने घेतली खरी. पण पुण्याच्या वाड्यात बसून सही करणारी माणसे आपलीच होती आणि मुंबईत दिवा लावून 'वीज किती स्वस्त झाली' म्हणणारी माणसेही आपलीच होती. त्यांच्यापैकी कुणी वाईट नव्हते. त्यांना खोरे दिसत नव्हते, एवढाच त्यांचा अपराध. आपल्याला आज सगळे दिसते. घरबसल्या जगाच्या पाठीवरची कुठलीही दरी पाहता येते. म्हणून न दिसल्याची सबब त्यांना होती. आपल्याला ती उरलेली नाही.

मुंबईत माहीमपासून परळच्या बाजूला जाणारा एक लांब रस्ता आहे. जुनी माणसे त्याला तुळशी पाइप रोड म्हणतात, कारण तुळशी तलावाच्या पाण्याचा नळ त्या वाटेने शहरात येई. आता त्याचे नाव सेनापती बापट मार्ग आहे. त्याच्या कडेला जुन्या कापड गिरण्या होत्या. गिरण्यांचा तो काळ १९८२ च्या संपानंतर मावळला. त्यांच्या जागेवर आज काचेच्या उंच इमारती आणि झगमगणारे बाजार उभे आहेत. ज्या गिरण्यांच्या विजेसाठी मुळशी बुडाली त्या बंद पडल्या. ज्याने मुळशीसाठी सात वर्षांचा तुरुंग भोगला त्याचे नाव त्यांच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याला लागले. आणि भिऱ्याची चक्रे अजून फिरतात. त्यांची वीज अजून मुंबईच्या दिव्यांत मिसळते.

या दिवाळीत माळ लावताना दिवे विझवून बसा असे कुणी म्हणणार नाही. दिवा लावावाच. पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण वह्या पुजतो, वर्षाचा जमाखर्च मांडतो. त्या वहीच्या देण्याच्या बाजूला एक ओळ मुळशीची असू द्यावी. घरातल्या एखाद्या मुलाने 'आई, ही वीज येते कुठून?' असे विचारलेच, तर नुसते 'खांबावरून' असे सांगू नये. त्याला जवळ बसवून एका खोऱ्याची, त्यातल्या आंबेमोहोराची आणि रामनवमीच्या दिवशी उन्हात जाऊन बसलेल्या बाराशे माणसांची गोष्ट सांगावी.